प्रबंधाच्या मॅक्रो फाइलवर परवान्याची ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज परिसरात गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीचे अनेक संशोधक विद्यार्थी आपला प्रबंध लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तयार करतात. समास किती सोडायचा, प्रकरणाचे शीर्षक कसे छापायचे, समीकरणांना क्रमांक कसे द्यायचे, हे सारे ज्या मॅक्रो फाइलमध्ये लिहिलेले असते, ती बहुतेकांना आधीच्या तुकडीकडून पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळते. ती कोणी लिहिली, तिच्यात बदल करता येतो का, ती दुसऱ्याला देता येते का, याविषयी त्या फाइलमध्ये बहुधा एक ओळही नसते. निवृत्तीनंतर मी विद्यार्थ्यांना या कामात मदत करतो आणि या एका ओळीअभावी होणारी त्यांची अडचण पाहत आलो आहे.

विनामूल्य हाती आलेली फाइल वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि त्यावरील हक्क नोंदणी न करताही निर्माण होतो. शिवाय नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा नोकरी देणाऱ्या संस्थेकडे जातो. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने मोठ्या कष्टाने फाइल तयार केली आणि ती सर्वांनी वापरावी असे त्याला मनापासून वाटत असले, तरी तसे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असेलच असे नाही. एका संस्थेत हेच घडले. फाइल लिहिणारे शिक्षक संस्था सोडून गेले, पुढे संदर्भसूचीचे एक पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार पूरक फाइलींचा गठ्ठा) बदलल्यावर ती फाइल चालेनाशी झाली, आणि ज्या विद्यार्थिनीने ती दुरुस्त केली तिला ‘ही मी इतरांना देऊ का?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात कोणीच देऊ शकले नाही. दुरुस्ती तिच्या लॅपटॉपवरच राहिली आणि पुढच्या तुकडीने तेच काम पुन्हा केले.

लाटेकच्या जगाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. लाटेक ज्या टेक या मूळ प्रणालीवर उभे आहे, ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी सर्वांना मोफत खुली केली, पण बदललेल्या प्रणालीला टेक हे नाव द्यायचे नाही, ही अट घातली. जुना दस्तऐवज जगात कुठेही तसाच उमटावा, हा त्यामागचा हेतू होता. १९९९ साली आलेला ‘लाटेक प्रोजेक्ट पब्लिक लायसन्स’ हा परवाना याच विचारावर उभा आहे. त्यात प्रत काढण्याची, वाटण्याची, बदलण्याची, इतकेच नव्हे तर व्यावसायिक वापराचीही मुभा आहे. बदल करणाऱ्याने मात्र आपली आवृत्ती मूळची नाही हे स्पष्ट दाखवावे लागते. ‘फाइल खुली केली तर कोणीही समास बदलेल आणि दोष आमच्यावर येईल’, या संस्थांच्या भीतीला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. पॅकेजची देखभाल करणारा सापडेनासा झाला, तर इच्छुकाने तसे जाहीर करून तीन महिने वाट पाहायची आणि मग जबाबदारी स्वीकारायची, अशी तरतूदही त्यात आहे. जिथे शिक्षकांच्या बदल्या होतात आणि ते निवृत्तही होतात, तिथे या तरतुदीचे मोल विशेष आहे.

काही शिक्षक परवाना लिहितात, पण सद्हेतूने ‘व्यापारी वापरास मनाई’ अशी अट जोडतात. माझ्या मते ही अट अपायकारक आहे. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही, असा विद्यार्थी डीटीपीच्या दुकानात पानामागे पैसे देऊन प्रबंध करून घेतो. त्या दुकानदाराचा वापर व्यापारीच ठरेल आणि अटीचा फटका त्या विद्यार्थ्यालाच बसेल. दुसरे असे की, १९९२ पासून चालत आलेल्या सीटॅन या टेक-लाटेकच्या पॅकेजेसच्या इंटरनेटवरील संग्रहात प्रत्येक पॅकेजसमोर त्याचा परवाना नोंदवलेला असतो आणि टेक लाइव्ह या टेक-लाटेकच्या तयार संचात केवळ मुक्त परवान्याची, म्हणजे कोणत्याही कामासाठी वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असलेली, पॅकेजेस घेतली जातात. हा संच एकदा संगणकावर बसवला की इंटरनेटशिवाय चालतो. जत किंवा आटपाडीच्या खेड्यात राहून प्रबंध लिहिणाऱ्याला त्याचा केवढा आधार आहे, हे शहरातल्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. व्यापारी वापराला मनाई केलेले पॅकेज मात्र या संचाबाहेरच राहते.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनीही हा प्रश्न परका मानू नये. आयआयटी मुंबईचा शोभिका हा देवनागरी टंक ‘ओपन फाँट लायसन्स’खाली उपलब्ध आहे, म्हणून तो निर्धास्तपणे वापरता आणि वाटता येतो.

सांगली व सातारा जिल्ह्यांतील ज्या शिक्षणसंस्था सार्वजनिक निधीवर चालतात, त्यांनी आपल्या प्रबंधाच्या मॅक्रो फाइलवर लेखकाचे नाव, वर्ष, देखभाल करणाऱ्याचा हुद्दा आणि वर उल्लेखिलेला किंवा तत्सम मुक्त परवाना नोंदवावा, संस्थेची लेखी संमती त्यासोबत ठेवावी आणि ती फाइल सीटॅनवर पाठवावी, अशी माझी विनंती आहे. यासाठी नवा खर्च लागत नाही. विद्या परिषदेच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो, आणि तो संशोधक विद्यार्थ्यांच्या पुढील नोंदणीपूर्वी व्हावा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली