उपासाच्या आड दडलेला आजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आलं की ‘नऊ दिवसांत हलके व्हा’ छापाचे लेख येतात. आपल्या रविवारच्या पुरवणीतही तसा एक होता. भगर, राजगिरा, ताक आणि शेवटी किती किलो उतरतील याचा हिशेब. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात हेच चाललं होतं आणि आम्ही त्याला भक्ती समजत होतो, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. नवरात्रात तिच्या आईचा उठता-बसता उपास, तर हिचे पुरते नऊ दिवस. नातेवाईक म्हणायचे, ‘‘किती छान बारीक झालीस गं!’’ मीही कौतुकाने सांगत सुटायचो. दसरा झाला, उपास सुटले, जेवण मात्र सुरू झालं नाही. ‘कॉलेजात खाल्लं’, ‘पोट भरलंय’ हीच उत्तरं. पाळी थांबली होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. आणि दिवसभर मोबाइलवर रेसिपी! आम्हाला चांगलंचुंगलं करून वाढायची, स्वतः घास घ्यायची नाही.

हिची भूकच मेली, असं आम्हाला वाटत होतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या, उलट आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहाएक महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं चाळू लागले, चिडके आणि एकलकोंडे झाले. हे ऐकल्यावर मुलीच्या स्वभावाला दोष देणं आमच्याकडून थांबलं. आजाराचं नाव ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं टाळत जाण्याचा मानसिक आजार.

माझ्या आईने तोवर डिंकाचे लाडू वळायला घेतले होते. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, ईसीजी काढला आणि लाडू थांबवले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर बेतू शकतं. पोर वाळली की तूप-साखर भरवायची, ही आपली रीत इथे धोक्याची ठरते.

मग घड्याळ लावलं. तीन जेवणं, मधे तीन वेळा थोडं काहीतरी. भूक लागो न लागो. ताटात काय, हे आम्ही ठरवायचं आणि शेजारी आमच्यापैकी एकाने बसायचं. वजनकाटा माळ्यावर गेला. दुपारी घरी येता यावं म्हणून मी ऑफिसात सवलत मागितली. साहेबांना कारण सांगताना जीभ अडखळली. मुलीला डायबेटिस आहे म्हणायचं असतं तर अडखळली नसती.

पहिल्या दिवशी वाटीभर वरणभाताला पन्नास मिनिटं लागली. ती रडली, मी ओरडलो. ते चुकलंच. पुढे शिकलो की ताटावर अन्नाचा विषय काढायचा नाही. क्रिकेट, शेजारची मांजर, काहीही चालतं. खरी कोंडी फोडली ती माझ्या आईने. गुरुवारी ताट सारून मुलगी म्हणाली, ‘‘आज उपास आहे.’’ आई म्हणाली, ‘‘आजारी माणसाला उपास नसतो गं. देवाला ठाऊक असतं ते.’’ डॉक्टरांच्या औषधाइतकाच या वाक्याचा उपयोग झाला.

विनंती एवढीच. उपासाच्या पदार्थांची कृती जरूर छापा, किलोंचा हिशेब गाळा. त्या जागी चौकट द्या: उपास संपूनही जेवण टळत असेल, पाळी बंद झाली असेल, खाल्ल्याबरोबर मूल बाथरूम गाठत असेल, तर डॉक्टर गाठा. कुणाकडे जावं कळत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आम्हाला तो चार महिने उशिरा कळला.

मुलगी बरी झाली, असं अजून लिहिता येत नाही. गेल्या मंगळवारी डबा जसाच्या तसा परत आला. बुधवारी अर्धी पोळी उरली होती.

आपला,
एक वाचक, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)