भाच्याच्या रिपोर्टबद्दल

प्रिय सुध्या,

भाच्याचा जेनेटिक रिपोर्ट नीट वाचला. बीटीके जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) आहे, म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच, एक्सएलए, अँटिबॉडीच न बनण्याचा जन्मजात आजार. १९५२ साली ब्रूटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं हा आजार पहिल्यांदा लिहिला, जीन सापडायला १९९३ उजाडलं. या जीनशिवाय अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी बोनमॅरोतच (हाडातल्या मगजातच) अडकतात, पुढं वाढत नाहीत, मग अँटिबॉडी बनवणार कोण? पहिले सहा महिने पोरगं ठणठणीत होतं कारण आईच्या अँटिबॉडी नाळेतून आलेल्या असतात, त्या संपल्या आणि कान वाहणं, न्यूमोनिया हे सगळं सुरू झालं. आणि एक बघ, त्याला आ करायला लावून घशात टॉर्च मार, टॉन्सिल जवळजवळ दिसणारच नाहीत, कारण टॉन्सिलमध्ये भरणा बी पेशींचाच असतो.

इम्युनिटी कमी म्हणून त्याला पांढरा रस्सा पाजा सांगणारे लई भेटतील, पाज, चांगलाच लागतो, पण अँटिबॉडी त्यातनं येत नाहीत. त्या बाहेरनंच द्याव्या लागणार, आयव्हीआयजी म्हणजे शिरेतनं अँटिबॉडी, दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर, आणि डोस वजनावर असतो त्यामुळं पोरगं वाढेल तसा खर्चही वाढणार, ही तयारी आत्तापासनं ठेवा.

तू विचारलेलंस की वॉर्डातल्या त्या दुसऱ्या पोराला पण जेनेटिकच आहे मग त्याचं एवढं वेगळं कसं. अरे इम्युनिटीचे असे चारशेच्यावर जीन आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं. बीटीके गेला की अँटिबॉडी जातात, सीवायबीबी गेला की पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, मग गळवं होत राहतात. त्यात एकच जीन पण कसा बिघडला त्यावर आजार बदलतो. रॅग जीन पूर्ण बंद पडला तर बी पेशी नाहीत आणि टी पेशी (दुसऱ्या जातीच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पण नाहीत, बाळ काही महिन्यांतच गंभीर, पण तोच जीन थोडा चालू राहिला तर उरलेल्या चुकार टी पेशी अंगावरच उलटतात, बाळ लालबुंद, कातडी सोलते. स्टॅट१ तर कहरच, काम कमी झालं की टीबीच्या जातीचे जंतू सतावतात, बीसीजीची लससुद्धा अंगात पसरू शकते, आणि काम जास्त झालं तर तोंडात बुरशी हटत नाही. म्हणजे नळ बंद पडला तरी वांधे आणि सुटा राहिला तरी वांधे.

आता ताईचं. दाजी आत्याचा मुलगा म्हणून नात्यात लग्न केलं त्याचंच हे फळ असं तिच्या सासरी चाललंय म्हणालास, ते साफ चूक आहे. रॅगसारख्या आजारात दोन्हीकडनं बिघडलेली कॉपी यावी लागते, तिथं नात्यानं धोका वाढतो हे खरं. पण बीटीके एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मुलाला एक्स आईकडनंच येतो, दाजी परक्या घरचा असता तरी हेच झालं असतं. आणि ताईला दोष देण्यातही अर्थ नाही, तिच्यात असेल तरी दुसरा एक्स चांगला, तिला कळणार कसं? कधीकधी तर आईतही नसतं, पोरातच नव्यानं होतं.

पण यामुळंच धाकट्या बहिणीचं बघायला पाहिजे, ती सातव्या महिन्यात आहे ना? आधी ताईची टेस्ट करा. तिच्यात म्युटेशन निघालं तर धाकटीत असण्याची शक्यता निम्म्यापर्यंत, आणि धाकटीत निघालं तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला पुन्हा निम्मी. मुलगा झाला तर बाळाची आयजीजी (अँटिबॉडीची) टेस्ट करून खूश होऊ नका, ती आईचीच नॉर्मल येते. फ्लो सायटोमेट्रीवर बी पेशी मोजायच्या, मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधनाची) संस्था आहे तिथं या आजारांचं काम चालतं. आणि रिपोर्ट येईपर्यंत पोलिओचे थेंब आणि बीसीजी थांबवायला बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेव, दोन्ही जिवंत लसी आहेत आणि डिस्चार्जच्या आधीच देऊन टाकतात.

रक्ताचं सॅम्पल जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, फ्रीजमध्ये ठेवू देऊ नको, त्याच रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाऊ दे. शुक्रवारी संध्याकाळी तर काढूच नका, शनिवार-रविवार पडून राहतं.

तुझा,
बंड्या