झालेली फसवणूक आणि पुढची कामे

सांगली, सोमवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पहिली दोन मिनिटे तू नुसती रडत होतीस, आणि मग विचारलेस, "बाबा, रागावणार नाही ना?" पैसे गेल्यापेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. हॉटेलांना रेटिंग देण्याच्या ऑनलाइन कामाच्या नावाखाली तुझे ६४,५०० रुपये गुरुवारी गेले आणि आम्हाला रविवारी कळले. मधले तीन दिवस तू नीट जेवलीसही नाहीस, हे तुझ्या मैत्रिणीकडून आईला समजले. मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

माझी २६ वर्षे बँकेच्या काउंटरवर गेली. एक निवृत्त शिक्षक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक घेऊन आले होते, ते मला काल रात्रभर आठवत राहिले. "बँकेतून बोलतोय, तुमचे एटीएम कार्ड बंद होणार आहे" असे सांगून कोणीतरी त्यांच्याकडून कार्डाचा आणि ओटीपीचा आकडा काढून घेतला होता. ते आठ दिवसांनी आले, कारण मुलगा बोलेल या भीतीने त्यांनी घरात कोणालाच सांगितले नव्हते. तोवर ती रक्कम परराज्यातल्या एटीएममधून काढलीही गेली होती. त्या माणसाने आयुष्यभर मुलांना हिशेब शिकवला होता. तेव्हा "मी इतकी शिकलेली, तरी फसले" असे स्वतःला बोलत बसू नकोस.

तू काल रात्रीच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून तक्रारीचा क्रमांक घेतलास, हे फार चांगले केलेस. १९३० मागची व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाची असून ती २०२१ पासून चालू आहे. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते, आणि तिथे जी रक्कम शिल्लक असेल ती अडवून ठेवली जाते. पैसे पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवले जाते. हे लोक एका खात्यातले पैसे तासाभरात पाच-दहा भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नावावरच्या पैसे देऊन वापरलेल्या खात्यांत पांगवतात, म्हणूनच पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. ते आपल्या हातून गेले आहेत, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तरीही एखाद्या खात्यात काही रक्कम अडकलेली सापडू शकते, म्हणून पुढची कामे सोडायची नाहीत.

बँकेकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही स्पष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही असे म्हटले आहे; पण ते ग्राहकाने न केलेल्या, त्याच्या चुकीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तू हॉटेलांना रेटिंग देण्याच्या त्या 'प्रीपेड टास्क'साठी, म्हणजे आधी पैसे भरायला लावणाऱ्या कामासाठी, स्वतः पिन टाकून चार वेळा पैसे पाठवलेस, त्यामुळे बँक भरपाई देईल असे मी म्हणणार नाही. तरीही उद्या शाखेत लेखी अर्ज दे आणि प्रतीवर पोच घे. चारही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक), तारीख, वेळ आणि रक्कम त्यात लिही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते.

टेलिग्रामवरचे ते संभाषण रागाने पुसून टाकू नकोस. त्याचे, तुझ्या नावावर वाढत गेलेली खोटी शिल्लक दाखवणाऱ्या त्या संकेतस्थळाचे आणि समोरच्याच्या यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट काढून मला आणि आईला पाठव. आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल. सुरुवातीला विश्वास बसावा म्हणून तुला जे १५०-१५० रुपये मिळाले, ते तुझ्यासारख्याच दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असू शकतात. त्याने तक्रार केली तर तुझ्याही खात्यावर पोलिसांकडून बंधन येऊ शकते. म्हणून ते कोणत्या खात्यातून आले, हे अर्जात आपणहून लिही.

पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे उत्तर मिळाले तर परत फिरू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तुझ्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून केलेली फसवणूक. अडवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मागता येतो. त्या अर्जाला एफआयआरची प्रत लागेल, म्हणून ती जपून ठेव.

आता मला सर्वांत जास्त भीती आहे ती दुसऱ्या फोनची. "तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त आधी कर भरा" असे म्हणणारा कोणीतरी येईल. तो स्वतःला वकील म्हणवेल, सायबर अधिकारी म्हणवेल, किंवा त्याच टोळीतला 'मॅडम, मला वाईट वाटते' म्हणणारा निघेल. तुझे नाव आणि गेलेली रक्कम त्यांना माहीत आहेच, त्यामुळे तो खरा वाटेल. त्याला एक रुपयाही द्यायचा नाही, आणि असा फोन आला की त्याच क्षणी मला कळवायचे. मी मीटिंगला असेन, झोपलेलो असेन, तरी कळवायचे.

खोलीभाड्याचे पैसे आईने आज सकाळी तुझ्या दुसऱ्या खात्यात पाठवले आहेत. मी उद्या पहाटेच्या गाडीने निघून दुपारपर्यंत स्वारगेटला पोहोचतो. तू बँकेतला अर्ज सकाळीच देऊन ये. पोलीस ठाण्यात आपण दोघे मिळून जाऊ. तोवर काहीतरी खाऊन घे.

तुझे,
बाबा