बारा नंबरच्या खोलीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "इथे बोललेलं या दाराबाहेर जात नाही," असं पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं. तो नियम आपणही पाळायचा, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. गेल्या दिवाळीत तुमच्यासाठी चकल्या घेऊन आले, तर खुर्चीवर दुसऱ्याच ताई. तुम्ही कुठे गेलात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तुमचा जुना नंबर आता लागत नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. मोरीचं वाचलंत की कोणी लिहिलंय ते कळेल तुम्हाला.

२०१७चा जून होता. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. केसपेपरच्या खिडकीवर डाव्या हाताने दहाची नोट सरकवली आणि डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. त्यांनी मान वर न करता एक्स-रे लिहिला. पण प्लास्टर घालताना सिस्टरने माझी बाही वर सारली आणि दंडावरचे जुने, पिवळे पडलेले डाग तिला दिसले. ती काही बोलली नाही. पट्टी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाली, "मोरी बरीच घसरडी दिसते तुमची. जाताना खाली बारा नंबरमध्ये, दिलासात जाऊन या."

दिलासा म्हणजे घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र, हे नंतर कळलं; तेव्हा मला ते स्वस्त औषधांचं दुकान वाटलं होतं. खरंच. पिशवीत किती सुटे पैसे आहेत ते मोजतच मी जिना उतरले.

तुम्ही पाण्याचा ग्लास माझ्या डाव्या हाताशी ठेवलात. त्याआधी मला ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं, त्यांनी विचारलं होतं, "पितो का?" आईने, शेजाऱ्यांनी, चौकीतल्या हवालदाराने, सगळ्यांनी. जणू पीत असला तर कारण सापडलं, आणि पीत नसला तर चूक माझी. तुम्ही विचारलंत, "आज रात्री घरी गेलात तर काय होईल?" मला उत्तर देता येईना. तुम्ही वर डॉक्टरांकडे गेलात आणि परत येऊन म्हणालात, दोन रात्री इथेच राहा, निरीक्षणाखाली. हात मोडलेल्या बाईला कोणी दोन रात्री निरीक्षणाखाली ठेवत नाही, हे मला नंतर कळलं. ती कॉट हाताच्या दुखण्यासाठी नव्हतीच. मुलगी शेजारच्या काकूंकडे होती, त्यांना फोनही तुम्हीच लावलात. त्या दोन रात्री मी झोपले, ताई. वॉर्डात शेजारची आजी रात्रभर कण्हत होती, दिवे चालू होते, डासही होते, तरी झोपले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कोऱ्या कागदावर आमची खोली काढायला लावलीत. प्लास्टरमुळे डाव्या हाताने काढली, रेघा वाकड्या. दहा बाय बाराची खोली, तिला काय काढायचं, असं मनात आलं. मग तुम्ही पेनाने दाखवत गेलात. ओटा इथे, म्हणजे विळी, सुरी आणि स्टोव्ह इथे. भांडण पेटलं की या बाजूला जायचं नाही, दाराकडे सरकायचं. मुलीने मध्ये पडायचं नाही, बाहेर पळून काकूंची कडी वाजवायची, आणि हे तिला आजच शिकवायचं. रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि मुलीचा जन्मदाखला काकूंच्या पिठाच्या डब्यामागे. झेरॉक्स नाही, मूळ. मी सोळा वर्षं त्या खोलीत राहत होते, पण त्या खोलीत जीव कसा वाचवायचा हे मला माहीत नव्हतं. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

आणि केसपेपर. मी घाबरून म्हटलं, आता मोरीचं खोडून टाका. तुम्ही म्हणालात, खोडायचं नाही, खोडलेल्या कागदावर कोर्टात शंका घेतात. डॉक्टरांनी खाली तारीख-वेळ टाकून नव्याने लिहिलं, नवऱ्याने हात पिरगळला असं सांगते, आणि सही केली. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, झाली. त्याआधी दोनदा मी चौकीवर गेले होते आणि दोन्ही वेळा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद आणि "समजुतीने घ्या" एवढं घेऊन परतले होते. तुम्ही मला समजावलंत की हाड मोडलं की ती कायद्यात गंभीर दुखापत होते. तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३२५ लागतं, दखलपात्र गुन्हा आहे, एनसीवर भागत नाही. मग रुग्णालयाच्या कागदावर पोलिसांना चार ओळींचं पत्र दिलंत. वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. मी तीच, साडी तीच, तक्रारही तीच. पण जावक क्रमांक बघितल्यावर मला बसायला खुर्ची मिळाली. या शिक्क्याचा मला आनंदही होतो आणि रागही येतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या, फुकट. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, हे कितीतरी जणींना अजून ठाऊक नाही. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. आमचा प्रयत्न चौदा महिने चालला. पण खोली माझ्याकडे राहिली, आणि नवरा नालासोपाऱ्याला भावाकडे गेला. पोटगी कधी येते, कधी येत नाही. गुन्ह्याच्या केसला अजून तारखा पडतायत.

आता हे पत्र इतक्या वर्षांनी का, ते सांगते. मी डबे देते हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या गिऱ्हाइकांत मुंबई महापालिकेच्या लेखा विभागातले एक काका आहेत, भाकरीवाले. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, त्या दिलासावाल्या संस्थेने मला वाचवलं. ते घास थांबवून म्हणाले, "संस्था कसली? पालिकेचंच आहे ते." मग त्यांनी मला सगळं सांगितलं. २०००-०१च्या सुमाराला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून पहिलं दिलासा केंद्र काढलं. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, वकिलाकडे जात नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येतेच. मग तिथेच कोणीतरी बसलेलं असावं. सुरुवातीला रुग्णालयातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा पैसा आला, तेव्हा पालिकेच्या आणखी रुग्णालयांत अशा खोल्या झाल्या. खोली, दिवा, पंखा पालिकेचा, आणि समुपदेशकांची पदं अभियानातली, कंत्राटी, बहुधा अकरा-अकरा महिन्यांची.

हे ऐकून मला तुमचा एक दिवस आठवला. मी रडत होते आणि तुमच्या टेबलावर एक अर्ज अर्धवट लिहिलेला पडला होता, 'मुदतवाढ मिळणेबाबत'. मला वाटलं माझ्यासारख्याच कोणा बाईचा असेल. तो तुमचा होता का हो?

डबेवालीची सवय, हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एका रात्री वही काढली आणि माझ्यावर झालेला खर्च लिहायला बसले. एक्स-रे, प्लास्टर, दोन रात्रींची कॉट, सकाळचा चहा-पाव, दुपारचा वरण-भात. तुमच्याकडे चौदा फेऱ्या, दर वेळी तास-दीड तास. फोन किती झाले त्याचा पत्ता नाही. एक कोरा कागद. एक शिक्का. समोर जमेला केसपेपरचे दहा रुपये. काकांना वही दाखवली तर ते हसले आणि पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सांगितला, ७४ हजार ४२७ कोटी. त्यातली माझी ओळ शोधायला गेलात तर भिंग लागेल, म्हणाले. रस्ता, पूल, बोगदा यांचे आकडे फलकावर लागतात, उद्घाटनं होतात. बारा नंबरच्या खोलीचं उद्घाटन कोणी केलं असेल असं वाटत नाही. २०१३ साली दिल्लीत बायकांच्या सुरक्षेसाठी निर्भया निधी निघाला, हजार कोटींचा, केवढी चर्चा झाली. पुढे कित्येक वर्षं त्यातला मोठा भाग पडूनच होता, असं पेपरात वाचलं. माझ्या कामाला आला तो पंखा, ती कॉट आणि वेळेवर येऊन बसणारं माणूस.

आमच्यासारख्यांना भरपाई वगैरे सहसा नसते. राज्याची मनोधैर्य योजना आहे, पण ती बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यांसाठी. ती असायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरात रोज थोडी थोडी मोडणारी बाई मात्र कुठल्याच तक्त्यात नीट बसत नाही. तिच्यासाठी ती खोलीच आहे.

पालिकेचेही आभार मानावेत असं मनात आलं होतं. पण मानायचे कोणाकडे? मार्च २०२२पासून कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. प्रशासकाला चकल्या कशा देणार? शेवटी घरासमोरच्या गल्लीत झाडू मारणाऱ्या मावशींना दिल्या. त्याही पालिकेच्याच.

तुम्ही माझ्याकडून कधी काही घेतलं नाहीत. कोर्टाची ऑर्डर झाली तेव्हा पेढे आणले, तर तुम्ही त्यातला एक मोडून अर्धा खाल्लात आणि बाकीचे त्या सिस्टरसाठी वर पाठवलेत. तुमचा कामाचा नियम असेल तो, पण मला तेव्हा जरा वाईट वाटलं होतं, आज सांगते.

मुलगी तेव्हा चौथीत होती, आता बारावीला आहे. तिला काकूंची कडी एकदाच वाजवावी लागली, त्या सप्टेंबरमध्ये. शिकवल्याप्रमाणे तिने वाजवली. हे तुम्हाला कधी सांगायचं राहून गेलं होतं.

नव्या ताई चांगल्या आहेत. तरुण आहेत, थोड्या घाईत बोलतात. गुरुवारी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले, भरली वांगी होती. पैसे घेतल्याशिवाय त्या डबा घ्यायलाच तयार होईनात. दार उघडंच होतं आणि बाहेर बाकावर एक बाई बसली होती, ओठाला रुमाल लावून. मी पैसे घेतले आणि तिला जागा करून दिली.

तुमची,
घसरड्या मोरीवाली