३८ माणसांच्या कंपनीतली आई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत मी गुणवत्ता नियंत्रण विभागात, आमच्या बोलीत ‘क्यूसी’त, काम करते. या पट्ट्यात माझी २७ वर्षे गेली. गेल्या सोमवारी माझ्या हाताखालच्या एका केमिस्ट मुलीने राजीनामा दिला, म्हणून हे पत्र.

एम.एस्सी. झालेली, सहा वर्षांचा अनुभव. औषधातले घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर हात असा बसलेला की ग्राफकडे नुसते पाहून यंत्राचा कॉलम खराब होत चाललाय की मोबाइल फेज (त्यातून सोडायचे द्रावण) चुकलाय, हे ती सांगायची. ऑडिटला तिचे लॉगबुक मी डोळे झाकून पुढे करायचे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा तिला विनातक्रार मिळाली. ती कामावर परतली तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते.

घर कळव्याला. सासूबाई गावी, आजारी सासऱ्यांपाशी. स्वतःची आई नाही. घराजवळचे पाळणाघर संध्याकाळी ७ वाजता बंद होते. आमची जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते, पण डिसोल्यूशन, म्हणजे गोळी किती विरघळते याची चाचणी, लावले की १५व्या, ३०व्या, ४५व्या मिनिटाला नमुना काढावाच लागतो. घड्याळ झाले म्हणून मशीन सोडून उठता येत नाही. मग महापेहून शेअर रिक्षाने कोपरखैरणे, तिथून ठाण्याची गाडी, ठाण्याला पूल चढून कळव्याची गाडी. पाळणाघरवाल्या बाई रोज दारात बाळाला कडेवर घेऊन उभ्या असायच्या. बाईंचेही चुकत नव्हते, त्यांनाही घर आहे. तिचा नवरा भिवंडीच्या गोदामात बारा तास असतो. त्याने नोकरी सोडावी का, हा प्रश्न मात्र घरात कोणी काढला नाही.

हे सगळे ती तीन महिने निभावत होती. मला जे सहन झाले नाही ते वेगळे आहे. दुपारी अंगावर दूध दाटून यायचे, एकदा गाठी होऊन ताप आला. कंपनीत बसायला आडोशाची खोली नाही. लॅबच्या फ्रीजमध्ये रसायने आणि चाचणीचे प्रमाण नमुने असतात, तिथे दूध ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. ती संडासात जाऊन दूध पिळून बेसिनमध्ये ओतायची. घरी बाळ वरच्या दुधावर. एक दिवस तिचे डोळे सुजलेले पाहून मी विचारले तेव्हा मला हे कळले. इतके दिवस माझ्या लक्षात कसे आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवे, असे त्यात आले. ही दुरुस्ती झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्याचे कारण जुने आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात पाळणाघरासाठी फक्त बायका मोजत. ३०पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच ते बंधन. माझ्या पहिल्या कंपनीत मॅनेजर आमच्यासमोर म्हणायचे, बायकांचा आकडा तिशीच्या आत ठेवा. तो ठेवलाही जायचा, आणि चांगल्या चांगल्या मुली मुलाखतीतूनच परत जायच्या. माझा मुलगा वाढला तो शेजारच्या काकूंच्या घरी. काकू नसत्या तर मीही २७ वर्षांचा हिशेब सांगायला इथे नसते. म्हणून पुरुषांसकट सगळी माणसे मोजणे हा मला मोठा बदल वाटला.

पण आमच्या कंपनीत मस्टरवर माणसे आहेत ३८. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कितीतरी छोट्या युनिटांची हीच गोष्ट. ठाण्यातल्या वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, पॅथॉलॉजीतल्या टेक्निशियन मुली, याही बहुतेक ५०च्या आतच काम करतात. कायदा त्यांच्या दारापर्यंत येतच नाही.

आमचे मालक वाईट नाहीत. त्यांच्याकडे खरोखरच जागा नाही, आणि सॉल्व्हंटचे ड्रम असलेल्या आवारात तान्ही मुले आणू नयेत, असे माझेही मत आहे. म्हणूनच हे एकेका कंपनीवर सोडून भागणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ५०ची अट तशीच आहे, पण त्याच कलमात एक वाट आहे: शासनाचे, महापालिकेचे, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेचे सामाईक पाळणाघर वापरता येते, आणि अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करूनही ते काढता येते. ही मुभा बंधन असलेल्यांसाठी लिहिली आहे; पण ३८ माणसांच्या कंपनीला त्यात सामील व्हायला कोणाची आडकाठी आहे?

आमच्याकडे जमीन एमआयडीसीची, स्थानके सिडकोने उभारलेली, कारभार नवी मुंबई महापालिकेचा. तिघांनी मिळून रबाळे, घणसोली आणि कोपरखैरणे स्थानकांजवळ एकेक जागा द्यावी. चालवण्याचा खर्च कंपन्यांनी मुलामागे वाटून घ्यावा. वेळ मात्र शिफ्टची हवी. पहिली पाळी सकाळी ७ला लागते, दुसरी रात्री ११ला सुटते, त्यामुळे दहा ते सहाचे पाळणाघर आमच्या उपयोगाचे नाही. बाळाला पाजायला आणि दूध काढून ठेवायला एक बंद खोली आणि एक फ्रीज असावा. सकाळच्या गर्दीत तान्हे मूल घेऊन गाडीत कसे चढायचे, हे कोणी विचारेल, आणि ते खरे आहे. ठाण्याच्या ९-१० नंबर फलाटावरची गर्दी मी पाहिलेली आहे. म्हणून एक पाळणाघर ठाणे स्थानकाजवळही हवे. कळवा, डोंबिवली, कल्याणहून येणाऱ्या जणी तिथेच गाडी बदलतात.

१९३३ साली जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी खुद्द सी. व्ही. रामन यांच्याशी झगडावे लागले. आज आमच्याकडे मुली एम.एस्सी. होऊन येतात, त्यांना कोणी दारात अडवत नाही. त्या जातात तिशीच्या आसपास, काम अंगात मुरल्यावर.

“मॅडम, तीन वर्षांनी परत येते,” असे ती मला म्हणाली. मला आजवर असे म्हणालेल्या सात जणी आठवतात. परत आली एकच, तीही ट्रेनीच्या पगारावर.

एमआयडीसी, सिडको, महापालिका किंवा उद्योजकांची संघटना, कोणीही या विषयावर बैठक बोलावली तर मी रजा टाकून येईन. कोणत्या युनिटमध्ये लहान मुले असलेल्या किती जणी आहेत आणि त्यांच्या पाळ्या कोणत्या, याची यादी करायला आम्ही पाच जणी तयार आहोत. रबाळेपासून सुरुवात करतो.

आपली नम्र,
एक क्यूसी केमिस्ट, ऐरोली
(त्या मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)