बिलमाफी नको, नुकसान भरून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पाणीपुरवठा कंपनी, विभागीय कार्यालय

विषय : दूषित पाण्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत (घरगुती व व्यावसायिक नळजोडणी)

महोदय,

'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, जुलैचे घरगुती पाणी बिल माफ' हा आपला मेसेज मिळाला. माझे घरगुती बिल २४० रुपये येते. रुग्णालयाच्या पावतीवरचा नुसता सलाईनचा खर्चही त्यात भागत नाही.

आमचे घर वर आणि खाली पोळी-भाजी केंद्र. जुलैत सकाळच्या पहिल्या पाण्याला गटाराचा वास येऊ लागला. पातेले भरून ठेवले की तासाभरात तळाशी काळसर गाळ बसायचा. हेल्पलाईनला फोन केला तर "पावसाचं गढूळ पाणी आहे, तुरटी फिरवा." तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीला मी सांगायचे का? बऱ्याच फोननंतर लाइनमन आला. त्याने आमच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटी टेस्टचे थेंब टाकले; पाण्यात क्लोरीन असेल तर त्याने पिवळा रंग येतो. पिवळा रंग येईना. पुन्हा टाकले, तरी पाणी तसेच. "क्लोरीन इथवर पोचतच नाही," म्हणाला आणि वहीत काहीही न लिहिता निघून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. वहीत काय लिहायचे ते वरून ठरत असावे.

पुढे आरोग्य विभागाने नेलेला नमुना 'पिण्यास अयोग्य' ठरला, त्यात ई. कोलाय हे मैलापाण्यातून येणारे जंतू निघाले. आयएस १०५०० या मानकानुसार १०० मिलीलिटर पाण्यात हा जंतू आढळताच कामा नये आणि क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवे. कोपऱ्यावरच्या खोदाईत ड्रेनेजलगतची जलवाहिनी फुटली होती. आमच्याकडे पाणी येते दोन तास. बाकी वेळ लाइनला दाब नसतो, मग फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. आपल्या अभियंत्यांना हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

सासूबाई आणि मुलगा जुलाब-उलट्यांनी ॲडमिट होते, त्याचे ३१,२०० रुपये झाले. जारचे पाणी आणि उकळण्यासाठी लागलेले जादा सिलिंडर मिळून ९,८००. केंद्र बंद ठेवल्याने बुडालेले उत्पन्न, खर्च वजा जाता, ३८,०००. एकूण ७९,००० रुपये. कायमचे बंद झालेले डबे यात धरलेले नाहीत. हॉस्टेलची मुले एकदा दुसरीकडे लागली की परत येत नाहीत, त्याची पावती कुठून आणू?

आपल्या कार्यालयात विचारले तर व्यावसायिक जोडण्या या सवलतीत बसत नाहीत म्हणे. बिल आकारताना आम्ही बरोबर व्यावसायिक असतो, दरही घरगुतीपेक्षा चढा. भरपाईच्या यादीत मात्र आमचे नावच नाही!

इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅमला मे २०२४ मध्ये नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापडला. तिथल्या कंपनीनेही आधी १५ पौंडच देऊ केले होते. लोक खवळले, तेव्हा त्याचे ११५ झाले आणि पुढे त्यातही भर पडली. तेव्हा आपले २४० रुपये हा शेवटचा आकडा आहे, असे मी समजत नाही.

माझे ७९,००० रुपये द्यावेत आणि गल्लीतल्या चहावाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्या व्यावसायिक जोडण्यांचे दावे स्वीकारावेत. खोदाई कोणत्या ठेकेदाराची, हे आपण आणि महापालिकेने आपसात पाहावे. पाण्याचे पैसे माझ्याकडून आपण घेता. शिवाय आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळावरची क्लोरीनची रोजची नोंद महिनाभर लेखी कळवावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
एक ग्राहक (दोन्ही बिले वेळेवर भरणारी)

सोबत : नमुना तपासणी अहवाल, रुग्णालयाची बिले, जार व सिलिंडरच्या पावत्या, केंद्राच्या हिशेबवहीच्या प्रती