बागेतल्या टेनिस कोर्टावरच्या मामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

तुमचा फोन नंबर कधी घेतलाच नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेऊन ठेवतं? पावसाळ्यात बंद असलेलं कोर्ट दिवाळीनंतर उघडलं, आणि बघते तर तुमच्या जागी दुसरंच कुणी मातीवर पाणी मारत होतं. 'मामा गावाकडं गेले, खानापूरच्या पलीकडं,' एवढंच कळलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. जांबोटी, कणकुंबी भागातलं कुणी वाचत असेल तर त्यांना वाचून दाखवा. ओळख सोपी आहे: बेळगावात टेनिस कोर्टावर मार्कर होते, म्हणजे कोर्टाची निगा राखणारे, त्याआधी वडगावात मागावर, आणि कुणी घाई केली की 'निधान, निधान' म्हणतात.

मी त्या बागेत आले ते साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले, चाला. तीन फेऱ्या झाल्या की मला कंटाळा यायचा, मग मी तारेच्या जाळीला धरून खेळ बघत उभी राहायची. 'नुसतं बघत काय उभ्या अक्का, आत या की,' असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, मागं दुसरी कोण तरी असेल. मी पतसंस्थेत कॅशियर, वय 44, अंगात पंजाबी ड्रेस. तुम्ही फक्त चपलांकडं बघितलंत. 'त्या काढा. टाचेनं खड्डे पडतात.'

पहिले पंधरा दिवस पंपाच्या खोलीची मागची भिंत. त्यावर तुम्ही तीन फुटांवर चुन्याची रेघ मारून दिलीत आणि तारा ढिल्या पडलेली एक जुनी रॅकेट हातात दिलीत. मी चेंडूवर झेप घ्यायची. तुम्ही लांबून ओरडायचात, 'धोटा परत यायच्या आधी कोण हात घालतंय काय? बोट जाईल. येऊ दे त्याला. उडाला की मार. निधान!' मराठीत निधान म्हणजे ठेवा आणि कन्नडमध्ये सावकाश, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमचं घर मागवाल्यांचं, त्यामुळं मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याचं मात्र लगेच कळलं. सासऱ्यांच्या हाताचा ठेका आठवला आणि त्या दिवशी चेंडू सलग अकरा वेळा रेघेच्या वर बसला.

'ह्या वयात काय जमणार मामा,' असं एकदा म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, 'आपल्या कोडगूचा बोपण्णा 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला की.' ते 2024 चं खरंच आहे, पुरुष दुहेरीत. तो लहानपणापासून खेळत आला होता, ही बारीकशी गोष्ट तुम्ही सोयीनं गाळलीत.

मला सगळ्यात आवडायचं ते तुमचं जाळी मोजणं. खांबाशी साडेतीन फूट, मध्ये तीन फूट, आणि मधला पांढरा पट्टा ओढून ते तीन फूट जुळवायचं. टेप कधी काढली नाहीत. एक रॅकेट उभी, 27 इंच. तिच्यावर दुसरीचा गोल आडवा, 9 इंच. झाले 36. संध्याकाळी कॅश पैशाला पैसा जुळली की जो आनंद होतो, तो मला सकाळी सहाला तिथं मिळायचा.

आता नंबरांचं. कुंपणाच्या जाळीवरच्या खिळ्यांना रॅकेटी अडकवायच्या, खिळ्याप्रमाणे पाळी, आणि बाहेर लोक थांबले असतील तर एक सेट झाला की उतरायचं. सकाळची एक ठरलेली मंडळी होती. त्यांची नावं नकोत. माझी रॅकेट चौथ्या खिळ्यावर लावून मी बूट बांधून येईपर्यंत ती सातव्यावर गेलेली असायची. दोनदा वाटलं, माझीच चूक. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तर खालच्या पट्टीवर प्रत्येक खिळ्यासमोर चुन्यानं आकडा, आणि चार नंबराच्या शेजारी खुर्ची टाकून तुम्ही चहा पीत बसलेले.

आणि तो चेंडू. डबल्स, ड्यूस म्हणजे बरोबरी, सर्व्हिस माझी. मी रेघेलगत मारलेला चेंडू पलीकडच्या साहेबांनी मोठ्यानं 'आऊट' दिला आणि ते पाठ फिरवून चालू लागले. मीही वळले, सवयीनं. तुम्ही पाण्याची पाइप खाली टाकलीत, चालत गेलात, उकिडवे बसलात आणि मातीवर उठलेल्या खुणेभोवती बोटानं गोल काढलात. खूण लांबट होती, पाव भाग चुन्यावर. 'रेघेला लागलाय. आत.' साहेब म्हणाले, 'मामा, ह्या वयात तुम्हाला दिसतंय काय?' तुम्ही म्हणालात, 'मला कुठलं दिसतंय साहेब. तुम्हीच बसून बघा की.'

ते बसले नाहीत. पॉइंट दिला.

तुम्ही रोजंदारीवर होता मामा. त्यांच्या एका फोनवर दुसऱ्या दिवशी तुमची हजेरी बंद झाली असती. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी तुम्ही परत जाऊन पाइप उचललीत, जणू नळाचा वॉशर बदलून आलात. मी पुढच्या दोन्ही सर्व्हिस जाळीत घातल्या आणि शेवटी तो गेम आम्ही हरलोच. घरी जाताना दुसऱ्या रेल्वे गेटात अडकले आणि स्कूटीवर बसल्या बसल्या रडायला आलं. 19 वर्षं काउंटरवर मी लोकांचे आकडे जुळवत आलेय. माझ्या बाजूनं कुणी असं खाली बसून बघितलं नव्हतं. त्या दिवशी आभार मानायचे राहिले. तुम्ही मला बोलूही दिलं नसतंत, 'जावा, गेट पडायच्या आधी' म्हणाला असतात.

बाकी ठीक. साखर आटोक्यात आहे. आता आम्ही तिघी येतो. खिळ्यांचे आकडे पावसानं धुऊन गेले होते, ते मी परत रंगवले, ऑइलपेंटनं. मेलेले चेंडू तुमच्या रिवाजाप्रमाणे क्रिकेटच्या पोरांनाच जातात.

एक अडचण आहे. मधल्या पट्ट्याचा हूक तुटलाय. दोन रॅकेटी लावून बघितलं, जाळी तीन बोटं वर येते. नवा मुलगा म्हणतो चालतंय. चालत नाही, सगळे चेंडू अडकायलेत. सुतळीनं बांधून ठेवलंय. बेळगावला आलात तर तेवढं बघून जा.

तुमची,
चार नंबर खिळ्यावरची अक्का